चढावर लावलेली गाडी

गाडी बिघडली आहे असं कुणी म्हटलं असतं तर मामाने ते मान्य केलं नसतं. बिघडलेली गाडी रोज बिघडलेली असते. ही चार दिवस शहाण्यासारखी वागायची, किल्ली फिरवली की एका झटक्यात सुरू व्हायची, आणि पाचव्या दिवशी अशी रुसून बसायची की तिच्यापुढे हात जोडायचे तेवढे बाकी राहायचे.

त्या सोमवारी ती रुसली. घरामागच्या टेकाडावर, कच्ची वाट एका मोठ्या धोंड्यापाशी संपते तिथे, ती तोंड वर करून उभी होती. मागे दुधाचे चौदा रिकामे कॅन होते. नुकतं उजाडत होतं आणि इतक्या लवकरही हवेत गारवा नव्हता. मामाने इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत वाट पाहिली आणि सेल्फ मारला. इंजिन गरगर फिरलं, फिरत राहिलं, पण पेटलं नाही. थोडं थांबून पुन्हा मारला. नुसती गरगर. मागून धुराचं नावही नव्हतं, म्हणजे डिझेल वर पोचतच नव्हतं.

वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला एवढं कळतं. त्याने उतरून बॉनेट उघडलं आणि फिल्टरवरच्या हातपंपावर अंगठा ठेवला. आत डिझेल असलं की हा पंप अंगठ्याला उलट दाबतो. आज तो रिकाम्या पिशवीसारखा आत जात होता. मामा दाबत राहिला. पन्नास, साठ, ऐंशी. अंगठ्याच्या सांध्यातली कळ मनगटापर्यंत आली तेव्हा कुठे पंप कडक लागला. मग त्याने पान्याने वरचा स्क्रू सैल केला, तशी फसफसत हवा बाहेर पडली आणि फेसाळलेलं डिझेल बोटांवर आलं. फेस संपून नितळ धार लागली तेव्हा स्क्रू आवळला, हात पँटला पुसले आणि पुन्हा सेल्फ मारला. गाडी दोनदा खोकली, पांढरा धूर सोडून सुरू झाली, आणि मग आपल्याला काही ठाऊकच नाही असा चेहरा करून उताराला लागली.

पण पाऊण तास गेला होता.

मामा हे काही त्याचं नाव नव्हे. डोंगराच्या अंगाखांद्यावर विखुरलेल्या बारा घरांतून दूध गोळा करून तो खालच्या शीतकेंद्रावर पोचवायचा, आणि त्या बाराही घरांत त्याला मामा म्हणायचे. सख्खी तर सोडाच, चुलत बहीणही नसलेल्या माणसाला इतकी भाचरं क्वचितच मिळाली असतील. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. लेक दूरच्या शहरात कामाला होती. सकाळच्या त्या दोन तासांत जे काही बोलणं व्हायचं तेवढंच त्याचं दिवसभराचं बोलणं. दुपारनंतर घरात तो स्वतःशीही बोलत नसे, कारण आपलाच आवाज ऐकून दचकायला होतं असा त्याचा अनुभव होता.

केंद्राचं फाटक आठला बंद व्हायचं. त्या दिवशी मामा आठ वाजून वीस मिनिटांनी पोचला. केंद्रावरचे साहेब वयाने त्याच्या लेकीएवढे होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग मामाकडे बघितलं, आणि फाटक उघडायला सांगितलं.

"पहिल्यांदा झालंय म्हणून," ते म्हणाले. "उन्हाळ्यात हे चालायचं नाही, मामा. दूध थांबत नाही कुणासाठी."

"नाही साहेब. पुन्हा नाही होणार."

हे सांगताना त्याची नजर फाटकाच्या बिजागरीवर होती.

त्याच दुपारी तो गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री त्याच्याच वयाचा, चष्म्याची तुटलेली काडी तारेने बांधलेला. बोलायचा कमी आणि टोचून जास्त. त्याने किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. बंद करून फिरवली, पुन्हा सुरू.

"माझ्याकडे आली की बघ कशी गुणी होते," मिस्त्री म्हणाला. "डॉक्टरच्या दारात पाऊल टाकलं की दुखणं पळतं, तसलं नाटक आहे हिचं."

त्याने फिल्टर बदलला, वायसर बदलले, दिसेल ती क्लिप आवळली. हवा कुठून तरी आत शिरते एवढं त्यालाही कळत होतं, पण कुठून ते कळायला मार्ग नव्हता. डिझेल गळत असेल तर थेंब दिसतो. आत शिरणारी हवा दिसत नाही. रात्रभर गाडी त्याच्या फरशीवर ठेवून घेतली, आणि सकाळी ती पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

चहा पिता पिता मिस्त्रीने चौकशी केली. डिझेल कुठे भरतोस? टाकीत किती ठेवतोस? सुरू झाली नाही की पांढरा धूर येतो की काळा? मामा सांगत गेला.

"आणि उभी कुठे करतोस? तोंड चढावर असतं का?"

"नाही," मामा म्हणाला. "दारातच. सपाट आहे."

उत्तर तोंडातून गेलं आणि त्याच क्षणी त्याला आपण खोटं बोललो हे कळलं. पण घटकाभरापूर्वीच, लेकीचा विषय निघाला तेव्हा, त्याने छाती पुढे काढून सांगितलं होतं की रविवारी आणि गुरुवारी संध्याकाळी लेकीचा फोन चुकत नाही. आता टेकाडावर गाडी असते म्हटलं तर मिस्त्री विचारणार होता की तिथे कशाला नेतोस, आणि एकदा का मिस्त्री विचारायला लागला की तळ गाठल्याशिवाय थांबत नसे. त्यापेक्षा दार बरं.

मिस्त्रीने कोनाड्यातली एक तेलकट वही काढून त्याच्यापुढे टाकली. "रोज लिही. वार, गाडी कुठे उभी होती, किती झटक्यांत सुरू झाली. आणि माझ्यावर उपकार कर, खरं ते लिही. नाहीतर मी वर्षभर पाने घासत बसेन."

"खोटं कशाला लिहीन?" मामा म्हणाला.

लेकीचा फोन घरात लागत नसे. डोंगराच्या कुशीतल्या त्या दोन खोल्यांत रेंजचा पत्ताच नव्हता. आई गेल्यावर लेकीनेच वार ठरवून दिले होते. "तुम्ही लावू नका बाबा, मी कामावर असते, फोन आत नेऊ देत नाहीत. मीच लावीन, रविवारी आणि गुरुवारी." म्हणून त्या दोन संध्याकाळी मामा गाडी टेकाडावर न्यायचा, धोंड्याला पुढचं चाक टेकवून उभी करायचा आणि फोन पुढच्या काचेपाशी ठेवून आत बसायचा. तिथे दोन रेघा यायच्या. खाली उतरून चार पावलं चाललं तरी एक जायची.

पहिल्या वर्षी फोन ठरल्या वेळी यायचा. चार मिनिटांचा असायचा. जेवलात का, गोळ्या घेता का, बरं ठेवते बाबा, माझी बस आली. तेवढ्यावर मामा गाडी सुरू करायचा, गाणं गुणगुणत खाली आणायचा आणि दारात लावून झोपायचा. हल्ली फोन कधी यायचा, कधी नाही. तिचं काही चुकत होतं असं मामाला मनापासून वाटत नसे. शहरातलं काम, उभ्याने दिवस काढायचा, माणूस दमतं. पण वाट बघायची ती बघायचीच. समोरचा डोंगर काळा होईपर्यंत तो बसायचा. मग त्याला वाटायचं, उशिरा लावला तर? फोन घरी नेला तर तिला ऐकू येणार की हा नंबर संपर्कक्षेत्राबाहेर आहे. इथे ठेवला तर निदान रिंग तरी जाईल. बाबा झोपले असतील असं तिला वाटेल. म्हणून तो फोन काचेपाशी तसाच ठेवायचा, गाडीला कुलूप लावायचा आणि एकटाच पायी खाली यायचा. सकाळी वर जाऊन आधी फोन बघायचा आणि मग किल्ली फिरवायचा.

पुढच्या आठवड्यात वहीत त्याने लिहिलं: सोमवार, दारात, सुरू झाली नाही, नव्वद वेळा पंप मारला. मंगळवार, दारात, एक झटका. बुधवार, दारात, एक झटका. अक्षर चांगलं होतं त्याचं. दिवसातून एकदा का होईना, कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण लिहितोय, हे त्याला बरं वाटायचं. लिहायला काही नसलं तरी तो वही उघडून बसायचा.

एका गुरुवारी त्याने गाडी उलटी, मागे मागे घेत टेकाडावर चढवायचा प्रयत्न केला. मिस्त्रीचा चढाचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. पण रिकाम्या गाडीची मागची चाकं खडीवर नुसतीच फिरली, दगड उडाले, गवत तुडवलं गेलं, आणि अर्ध्या वाटेवर क्लच जळाल्याचा वास आला. मागून चालत वर आलेल्या एका बकऱ्यांच्या कळपाने थांबून हा तमाशा बघितला. मामा खाली आला, गाडी सरळ केली आणि नेहमीसारखी तोंड वर करून चढवली. त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी एकशेदहा वेळा पंप मारावा लागला. त्याने लिहिलं: दारात.

अशा सकाळी त्याला वेळ भरून काढायची युक्ती सापडली होती. सोमवारी आणि शुक्रवारी तो तासभर आधी उठायचा. त्यामुळे पुढचा महिनाभर फाटक चुकलं नाही. पण दुखणं वाढत होतं. आधी पंप ऐंशी वेळा मारावा लागायचा, मग शंभर, मग दीडशे. आणि पाच आठवड्यांनी एका सोमवारी बॅटरीनेच मान टाकली.

खालच्या मळ्यातल्या ट्रॅक्टरवाल्याकडे जाण्यावाचून इलाज नव्हता. तो अंगणात दात घासत होता. त्याने हाताने थांब म्हटलं, दात घासून झाले, चूळ भरून झाली, तोंड पुसून झालं, चहा झाला. मामा तोवर बॅटरी जोडायची केबल हातात धरून उभा होता. ट्रॅक्टर टेकाडावर आला तेव्हा ऊन कड्यावरून खाली उतरलं होतं.

वरच्या टोकाच्या घरी काकू वाट बघत बसली होती. पासष्टीची बाई, दोन गाई, एकटीच. दुधाच्या भांड्यावर तिने ओलं फडकं टाकलं होतं आणि फडकं सुकलं होतं.

"आज फार उशीर," ती म्हणाली. "लेक बरी आहे ना? आला होता फोन?"

"आला होता की," मामा कॅनचं झाकण उघडत म्हणाला. "अर्धा तास बोलत होती. सोडेचना. नवीन खोली घेतलीय म्हणे. खिडकीतून झाड दिसतं. भलं मोठं. त्यावर संध्याकाळी पाखरं येतात, त्यांचा आवाज ऐकवला मला फोनवर. म्हणाली बाबा, तुम्ही आलात की या खिडकीत तुमची खुर्ची ठेवीन. चहा पण ती स्वतः करून देणार म्हणे, मी हात लावायचा नाही."

"किती छान," काकू म्हणाली आणि भांडं वाकडं करून शेवटचा थेंब कॅनमध्ये निथळू दिला.

केंद्रावर तो पोचला तेव्हा नऊ वाजत आले होते. साहेबांनी एकेका कॅनमध्ये नळी बुडवली, वास घेतला. अकरा कॅन आत गेले. तीन बाजूला काढले.

"हे फुटलंय. नाल्यात ओता."

"साहेब, ही त्या लोकांची..."

"मला ठाऊक आहे कुणाची ती. तुम्हीच ओता, मामा. माझी माणसं कामात आहेत."

मामाने तीन कॅन एकेक करून नाल्याच्या कडेला नेले आणि ओतले. दूध दाटसर, गुठळ्यागुठळ्यांचं पडत होतं. एक कुत्रं आलं, हुंगून परत गेलं. काकूचा कॅन त्यांत होता. रिकामे कॅन घेऊन तो वळला तेव्हा साहेब अजून तिथेच उभे होते. आवाज त्यांनी चढवला नाही, उलट थोडा उतरवला.

"आणखी एकदा असं झालं तर हा रूट मी नव्या गाडीला देणार. तुमच्याबद्दल मनात काही नाही. पण देणार."

परतीच्या वाटेवर मामाने बाराही घरं मनात मोजली. रूट गेला तर यांतल्या कुठल्या घरी आपण जाऊ शकू, याचा त्याने प्रामाणिकपणे विचार केला. दूध नसताना कुणाच्या दारात काय म्हणून उभं राहायचं? एकही घर त्याला सुचलं नाही. त्याने गाडी सरळ मिस्त्रीच्या दारात नेऊन उभी केली.

मिस्त्रीने वही मागितली. चष्मा कपाळावर ढकलून, वही नाकाशी नेऊन तो पानं उलटत राहिला. मग कानामागची लाल पेन्सिल काढून त्याने खुणा करायला सुरुवात केली.

"सोमवार. शुक्रवार. सोमवार. सोमवार. शुक्रवार." तो मोजत होता. "मंगळवारी कधी नाही. शनिवारी कधी नाही. हिला काय वार कळतात?"

मिस्त्रीने पान उलटलं.

"आणि रोज दारात. रविवारी रात्री दारात, मंगळवारी रात्रीही दारात. दार तेच ना तुझं? की बदलतं?"

मग मिस्त्री गाडीखाली सरकला. थोड्या वेळाने त्याचा हात बाहेर आला. मागच्या चाकावरच्या रबरी पडद्यात अडकलेली वाळकी कुसळं त्याच्या मुठीत होती.

"ही तुझ्या दारात उगवतात का?"

मामा गाडीच्या पायरीवर बसला. समोर एक फुटकं टायर पडलं होतं, त्याच्याकडे बघत त्याने सांगितलं. टेकाड, धोंडा, दोन रेघा.

"बरं, फोन घ्यायला जातोस. मग खाली का आणत नाहीस?"

"आला की आणतो."

"आणि नाही आला की?"

"मग फोन गाडीत ठेवतो. उशिरा आला तर रिंग जावी म्हणून. गाडी तिथेच असते."

मिस्त्रीने वही पुन्हा हातात घेतली. पाच आठवडे, दहा संध्याकाळी. लाल खुणा सात. त्याने त्या एकदा बोटाने मोजल्या, मग मान वर न करताच मोजणं थांबवलं. चुकत नाही फोन, असं ह्याच पायरीवर बसून मामा बोलला होता, ते दोघांनाही आठवलं.  नाल्यात दूध ओततानाही त्याला इतकं उघडं पडल्यासारखं वाटलं नव्हतं.

"पहिल्या दिवशी बोलला असतास तर एका दुपारचं काम होतं," मिस्त्री एवढंच म्हणाला आणि वही मिटली.

गॅरेजच्या मागे गाड्या धुवायचा सिमेंटचा चढ होता. मिस्त्रीने गाडी त्यावर तोंड वर करून चढवली, फिल्टरकडे जाणाऱ्या नळीचा एक तुकडा काढून तिथे पारदर्शक नळी बसवली, एअर काढली, इंजिन चालवलं, बंद केलं. नळी पिवळ्या डिझेलने काठोकाठ भरली होती. दोघं पालथ्या खोक्यांवर बसून तिच्याकडे बघत राहिले. दुपारचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग एक बुडबुडा आला. अगदी मोहरीएवढा. त्याच्यामागून दुसरा. आणि नळीतलं डिझेल बोटभर मागे सरकलं, टाकीच्या दिशेने, उताराला. थोड्या वेळाने आणखी बोटभर.

"बघ," मिस्त्री म्हणाला. "सपाट जागी ते जागचं हलत नाही. तोंड वर केलं की आपल्या वजनाने मागे ओढलं जातं आणि ओढताना कुठून तरी हवा पिऊन घेतं. सकाळपर्यंत सगळी नळी कोरडी."

केबिनच्या मागे, रबरी नळी लोखंडी नळीला जोडली होती तिथे, क्लिपच्या अगदी खाली त्याला ते सापडलं. त्याने नळी कापून अंगठ्यावर वाकवली तेव्हा नखाएवढी चीर उघडली. सोडली की मिटली. हात फिरवून काही कळत नव्हतं. मामाने ती घेतली, दोनदा वाकवून बघितली आणि खिशात ठेवली. का ठेवली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

नवी नळी बसवून झाल्यावर मिस्त्री हात पुसत म्हणाला, "खात्री करायची तर एकच उपाय आहे. गुरुवारी तिथेच लाव. तशीच. रात्रभर राहू दे."

"शुक्रवारी नाही सुरू झाली तर रूट जाईल."

"दारात लावून सुरू झाली तर मला काहीच कळणार नाही. तुलाही नाही. फोन आला तरी खाली आणू नकोस."

गुरुवारी संध्याकाळी मामाने धोंड्याला चाक टेकवलं, इंजिन बंद केलं आणि फोन काचेपाशी ठेवला. दोन रेघा आल्या. खाली घराचं कौलारू छप्पर दिसत होतं, दोरीवर वाळत टाकलेला त्याचा एकुलता एक शर्ट दिसत होता. बायको असताना त्या दोरीवर जागा पुरायची नाही. ऊन कलत गेलं. बकऱ्यांचा कळप खालून घरी गेला. फोनच्या काचेवर धूळ होती, ती त्याने बाहीने पुसली.

दिवेलागणीला फोन वाजला. नंबरकडे न बघताच त्याने तो कानाला लावला.

"बोल बाळा."

पलीकडून मग खाकरल्याचा आवाज आला. "मिस्त्री बोलतोय."

"हं."

"चढवलीस ना गाडी? तोंड वर आहे ना?"

"आहे."

"बरं." पलीकडे पाना कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. मिस्त्रीला आणखी काही बोलायचं असावं, पण त्याला ते जमत नसावं. "जेवून घे वेळेवर," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मामा आणखी बराच वेळ बसला. डोंगर काळा झाला. मग त्याने गाडीला कुलूप लावलं आणि फोन आत ठेवून पायी खाली आला.

शुक्रवारी सकाळी त्याने नेहमीसारखा आधी फोन बघितला. मिस्त्रीचा तेवढा कालचा नंबर होता, त्याच्यावर काही नव्हतं. मग त्याने किल्ली फिरवली, दिवा विझेपर्यंत थांबला आणि श्वास धरून सेल्फ मारला. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. खोकली नाही, धूर सोडला नाही. रात्रभर सपाट फरशीवर झोपून उठावं तशी.

आनंद व्हायला हवा होता. रूट वाचला होता. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला आणि त्याला फार एकटं वाटलं. इतके दिवस लेकीचा फोन आला नाही की निदान गाडी तरी अडून बसायची. दीडशे वेळा पंप मारताना, ट्रॅक्टरवाल्याच्या अंगणात उभं राहताना, कुणाला कळो न कळो, काहीतरी झालंय हे दिसायचं. आता फोन येवो न येवो, सकाळी सहाला गाडी सुरू होणार होती. कुणाचंच काही अडणार नव्हतं.

त्याने वही मांडीवर घेतली आणि पहिल्यांदा खरं लिहिलं. गुरुवार, टेकाडावर, तोंड वर. लेकीचा फोन नाही. शुक्रवार, एक झटका.

वरच्या टोकाच्या घरी तो पोचला तेव्हा ऊन अंगणात यायचं होतं. इंजिन बंद करायचा धीर झाला नाही, तसंच चालू ठेवून तो उतरला. काकू गाईजवळून उठत होती.

"आज अगदी वेळेवर," ती म्हणाली.

"नळी चिरली होती, काकू. बदलली. आता रोज वेळेवर. आणि सोमवारचं तुमचं दूध..."

"असू दे ते. लेक काय म्हणाली काल?"

कॅनचं झाकण मामाच्या हातात होतं. गोष्ट तयार होती. पाखरांची पुढची हकिगत त्याने येता येता वळणावर जुळवलीही होती.

"फोन आला नाही," तो म्हणाला.

काकूने भांडं वाकडं केलं. दुधाची धार कॅनमध्ये पडत राहिली. धार संपल्यावर तिने नेहमीसारखं भांडं धरून ठेवलं, शेवटचा थेंब निथळेपर्यंत.

"रविवारीही आला नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच. फोन आला असला की वेळेवर येतोस आणि बरी आहे एवढंच म्हणतोस. उशीर झाला की लेकीबद्दल फार बोलतोस."

 झाकणाची कड मामा अंगठ्याने घासत राहिला. अंगठा अजून दुखत होता.

"ते खिडकीतलं झाड," काकूने विचारलं, "ते तरी खरं होतं का?"

"नाही."

"मला आवडलं होतं ते," ती म्हणाली आणि रिकामं भांडं घेऊन आत गेली.

मामाने झाकण कॅनवर ठेवलं आणि तळहाताने दाबून बसवलं. गाडी चालूच होती.